नानांचं एकभुक्त

रविवारी दुपारी उज्वलाने दुसऱ्यांदा वरण वाढायला डाव पुढे केला, तेव्हा नानांनी पानावर हात आडवा धरला. सासऱ्यांचा तो हात तिने आज नीट बघितला. मनगटाचं हाड वर आलेलं, आणि अंगठ्याच्या मुळाशी जिथे मऊ उंचवटा असायला हवा तिथे खळगा. सात महिन्यांपूर्वीपर्यंत ह्याच हातांनी ते रामकुंडावर दिवसाला तीस-चाळीस यजमानांच्या ओंजळीत पाणी सोडत होते.

"अजून एक डाव घ्या नाना."

"पुरे."

"मग काल डॉक्टर काय म्हणाल्या ते मी सांगते सगळ्यांना."

"जेवताना नको," नाना म्हणाले.

पण त्यासाठीच तर आज सगळे जमले होते. आल्हादने रविवारची जादा पाळी सोडली होती. त्र्यंबककाका, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, सिंहस्थासाठी खणून ठेवलेले तीन रस्ते चुकवत मखमलाबाद नाक्यावरून आले होते. इराने कॉलेजच्या मैत्रिणींना नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तसं सगळ्यांना ऐकवलंही होतं. सासूबाई तेवढ्या ओट्याशी उभ्या होत्या. गोदावरीबाई पंगत उठल्याशिवाय कधी बसल्या नाहीत, त्या आज कुठून बसणार!

उज्वला डाव हातात धरून उभीच राहिली. शनिवारी गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात नानांबरोबर तीच गेली होती. तीच जाते. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर नानांना लघवी धरवत नाही, त्याचे पॅड कुठे स्वस्त मिळतात हे घरात तिलाच ठाऊक आहे. शाळेतल्या वह्या ती दवाखान्याच्या बाकावर तपासते. आल्हाद म्हणतो, "तुला जमतं गं." ह्या एका वाक्यावर आपल्याकडे कितीतरी बायका आयुष्यभर राबतात.

"ऑपरेशन चांगलंच झालंय," तिने सांगायला सुरुवात केली. "पण रक्तातला तो पीएसए, ज्यावरून आजार कळतो, तो शून्याजवळ राहायला हवा होता. आधी शून्य पॉइंट शून्य चार होता, मग शून्य पॉइंट शून्य नऊ झाला, आता शून्य पॉइंट सतरा आहे. परत आला असं अजून म्हणायचं नाही म्हणाल्या. सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं. वाढलाच तर किरणांचा शेक द्यावा लागेल."

त्र्यंबककाकांनी भातात ताक कालवायचं थांबवलं.

"आणि वजन अकरा किलोने उतरलंय. ती काही चरबी नव्हे, स्नायू गेलेत. त्यांनी एक मूठ दाबायचं यंत्र दिलं. नानांचं सतरा किलो आलं. गंमत म्हणून माझं बघितलं, तर सव्वीस."

"सून सासऱ्याला भारी," नाना म्हणाले. काल दवाखान्यातही ते हेच म्हणाले होते आणि डॉक्टरीणबाई हसल्या नव्हत्या.

"त्या म्हणाल्या, ज्यांच्या अंगावर मांस कमी, त्यांच्यात हा आजार परत येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, असे अभ्यास आहेत. त्यानेच येतो असं छातीठोकपणे नाही सांगता येत. पण शेक सोसायचा तरी अंगात काहीतरी हवं ना? तीन वेळा जेवायचं. प्रत्येक वेळी डाळ, पनीर, दही. चालत असेल तर अंडं."

"अंडं म्हटल्यावर मी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत बसलो," नाना म्हणाले.

"आणि वजनं उचलायची. घरी बसून राहायचं नाही. मग त्यांनी विचारलं, आत्ता किती वेळा जेवता? हे म्हणाले, एकदा. त्यांनी पेन खाली ठेवलं."

उज्वलाने डाव परत वरणात टाकला. सांगून झालं तर मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण पाय तेवढे दुखायला लागले.

*

आल्हादला आधी बापाचाच कैवार घ्यावासा वाटला. ऑपरेशन होऊन दवाखान्यातून परतल्यापासून नानांनी वर्षभराचं एकभुक्त धरलं होतं. दुपारी एकदा जेवायचं, मग दुसऱ्या दुपारपर्यंत पाणी आणि फार तर कपभर दूध. बाप आजारात रडत बसला नाही, व्रत धरून बसला, ह्याचा आल्हादला मनातून अभिमान होता. त्याने स्वतः पौरोहित्य सोडून अंबडच्या कारखान्यात नोकरी धरली तेव्हा नाना दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नव्हते. आता तेवढीच एक जागा होती जिथे तो नानांच्या बाजूने उभा राहू शकत होता.

"जाऊ दे उज्वला," तो म्हणाला. "त्यांच्या मनाला बळ मिळतं त्यातून."

"मनाचं सतरा किलो नाही आलं, हाताचं आलं."

"पाचच महिने राहिलेत," त्र्यंबककाका हळूच म्हणाले. "संकल्पाचं उदक सोडलेलं आहे. मध्येच कसं मोडायचं?"

उज्वला वळली. तिचा चेहरा बघूनच आल्हादला कळलं की आता ही बोलणार, आणि आपण थांबवू शकणार नाही.

"काका, तुमचं बरं आहे. नाना घरी बसले की घाटावर त्यांच्या जागी तुम्ही. यजमान तुमचे, नामावळीच्या वह्याही तुमच्याकडे. आणखी पाच महिने बसले तर तुमचं काय बिघडतंय?"

साठीच्या माणसाचे कान असे लाल झालेले आल्हादने पहिल्यांदाच बघितले. त्याला आठवलं, त्या वह्या काकांकडे त्यानेच पोचवल्या होत्या. पाच पिढ्यांचे यजमान कुठून आले, कोणाचा कोण, हे लिहिलेले ते लाल फडक्यांतले जाडजूड गठ्ठे. एकेक अडीच-तीन किलोंचा. नाना दिवसातून दहादा काढायचे, ठेवायचे. ऑपरेशननंतर वजन उचलू नका असं दीड महिन्यापुरतं सांगितलं होतं, ते आल्हादने कायमचं करून टाकलं. पाण्याची कळशी, बाजारहाट, जिना, सगळं. बापाच्या हातात काही म्हणून राहू दिलं नाही आणि त्याला सेवा म्हणत राहिला.

"उज्वला!" नाना म्हणाले. "व्रत माझं आहे. त्र्यंबकचा काय संबंध?"

"मग नाना, तुम्हीच सांगा," आल्हाद म्हणाला, आणि बायकोच्या बाजूने बोलतोय हे त्याच्या अर्ध्या वाक्यानंतर ध्यानात आलं. "मधुमेहाची माणसं तुमच्याकडे यायची. तुम्ही म्हणायचात, आजाऱ्याला उपास नाही, औषधाने व्रत मोडत नाही, शास्त्रातच सांगितलंय. किती जणांना सोडवलंत तुम्ही?"

"शेकड्यांनी."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," इरा म्हणाली. "पुढचं मी म्हणत नाही, आजोबा."

नाना हसले. नातीला सगळं माफ होतं. मग त्यांनी जेवण संपल्याचं पाणी घ्यायला उजवा हात वाटीसारखा केला. उत्तरापोशन घेतलं की उद्या दुपारपर्यंत अन्न बंद.

"एक मिनिट!" इरा उठली. "ते पाणी आत्ता पिऊ नका. आधी माझी परीक्षा द्या. आमच्या जिममध्ये घेतात. हात छातीवर दुमडायचे आणि खुर्चीतून उठायचं, बसायचं. पाच वेळा. जमलं तर मी तुमच्या बाजूने."

"इरा, जेवून उठताना कसली परीक्षा," आल्हाद म्हणाला.

"सोपं तर आहे, बाबा."

नानांनी हात छातीवर घेतले. त्यांना गंमत वाटत होती. पहिल्यांदा ते उठले ते थोडे पुढे झुकून, पण उठले. बसताना मात्र धपकन बसले. दुसऱ्यांदा मांड्या थरथरायला लागल्या आणि अर्ध्यावर ते लटकून राहिले, ना उभे ना बसलेले. इराचं हसू गेलं. तिने पुढे होऊन धरायला हात केला, तोवर नानांनी टेबलाची कड पकडली होती. त्यांनी एकदा खाली धोतराकडे बघितलं, आणि कोणाकडेही न बघता भिंतीला धरत न्हाणीघराकडे गेले.

त्यांचं पान तसंच राहिलं. आपोशनाचं पाणीही राहिलं.

"मला माहीत नव्हतं," इरा म्हणाली. ती रडत होती. "आई, शपथ, मला वाटलं तीन-चार तरी जमतील."

*

न्हाणीघरात नाना, म्हणजे ढुंढिराजशास्त्री, उलट्या घातलेल्या बादलीवर बसले होते. पॅड बदलून झाला होता. धोतर बदललं होतं. तरीही ते बाहेर गेले नाहीत.

ऑपरेशननंतर ते गंगेवर, म्हणजे रामकुंडावर, गेले नव्हते ह्याचं खरं कारण हे होतं, अशक्तपणा नंतरचा. सोवळं नेसून कोणाच्या तरी बापाचं पिंडदान सांगायचं आणि आतून आपणच ओले. शास्त्रात ह्यालाही वाट असेल. त्यांनी शोधली नाही.

आणि व्रताचं खरं कारण तर त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते व्रत त्यांचं नव्हतंच. शुद्धीवर आले त्या संध्याकाळी गोदावरी उशाशी बसली होती. तिचा चेहरा असा उजळलेला त्यांनी आल्हादच्या जन्मानंतर बघितला नव्हता. "मी मागून घेतलंय तुम्हाला," ती म्हणाली होती. "तुम्ही आत होतात तेव्हा दाराबाहेर उदक सोडलं. वर्षभर दोघांनी एकभुक्त." त्यांना विचारलं नव्हतं, विचारणार कसं, ते बेशुद्ध होते. पहिला रिपोर्ट चांगला आला तेव्हा तिने अख्ख्या इमारतीत साखर वाटली.

आता मोडलं आणि आजार परत आला, तर ती जन्मभर म्हणणार, मोडलं म्हणून आला. तिला कोणी समजावू शकणार नव्हतं, ते स्वतःही नाही. त्यापेक्षा एक वेळ उपाशी झोपणं सोपं होतं. भूकही हल्ली पहिल्यासारखी लागत नव्हती. फक्त आज खुर्चीत अर्ध्यावर लटकल्यावर त्यांना भीती वाटली होती. इतके दिवस त्यांनी ती वाटू दिली नव्हती.

बाहेर आल्हाद दारावर टकटक करत म्हणाला, "नाना, बरं आहे ना?"

"आहे रे. येतो."

*

गोदावरीबाईंनी नवऱ्याचं पान उचललं आणि ते धुवायच्याऐवजी ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. अर्धी पोळी राहिली होती.

"आई, तुम्ही जेवून घ्या," उज्वला आत येऊन म्हणाली. मागोमाग त्र्यंबक आला आणि दारातच उभा राहिला. वहिनी आणि दीर ह्यांची नजरानजर झाली, ती उज्वलाने बघितली.

"काय आहे?" तिने विचारलं. "मघाशीही काका तुमच्याकडेच बघत होते."

"तू ह्याला नको ते बोललीस," गोदावरीबाई म्हणाल्या. "ह्याने काही केलेलं नाही. व्रत माझं आहे."

"तुमचं?"

"ऑपरेशनच्या वेळी. मी म्हटलं त्र्यंबकला, संकल्प सांग. हा म्हणाला, वहिनी, एकट्यापुरता करा, दादाला त्यात घालू नका. मी म्हटलं, नाही, दोघांचा सांग. मला वाटलं, अर्धं मागितलं तर अर्धंच मिळेल."

उज्वला स्टुलावर बसली. तिला राग यायला हवा होता. सात महिने ती ह्या माणसाला संध्याकाळी वाटीभर खिचडी घ्या म्हणून विनवत होती, आणि सासूबाई शेजारी उभ्या राहून गप्प. पण राग यायलाही अंगात काही उरावं लागतं.

"म्हणजे तुम्हीही एकदाच जेवता? रात्री भाकरी उरायची ती मला वाटायचं जास्त झाली."

"मला काय होतंय? मी ठणठणीत आहे." मग त्यांनी ते पान तिच्यापुढे सरकवलं. "मागितलं मी, आणि जेवण त्यांचं गेलं. त्या पोरीने त्यांना उठवलं तेव्हा बघितलंस? मी रोज त्यांना शाल पांघरून बघते गं. शालीत माणूस कळत नाही."

उज्वलाने सासूच्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला तेवीस वर्षं झाली, असा हात तिने कधी ठेवला नव्हता.

"आई, तुमच्या व्रताने आजार वाढला असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. तसं त्यांनाही सांगता येत नाही. एवढंच, की आता ते जेवायला हवेत."

"सोडलं आणि काही झालं तर?"

उज्वलाने दाराकडे बघितलं.

"काका, मी मघाशी बोलले ते..."

"राहू दे," त्र्यंबक म्हणाला. "थोडं खरंही होतं. दादाच्या जागेवर बसायला मला वाईट वाटत होतं असं नाही." तो वहिनीकडे वळला. "वहिनी, संकल्प तुमच्या तोंडचा आहे. उदक तुम्हीच सोडायचं. आजारपणात व्रत सोडता येतं, दोष नाही."

"मग सांग तू. आत्ता सांग."

"मी नाही. मी सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि दादा तर मानणारच नाही. गंगेवर असे लोक यायचे तेव्हा मीसुद्धा त्यांना दादाकडेच पाठवायचो. तुम्हीही त्याच्याकडेच जा."

तो चपला घालायला गेला. जाता जाता आल्हादला म्हणाला, "चल रे माझ्याबरोबर. दोन वह्या घेऊन ये परत. आधी दोनच. बाकीच्या त्याला उचलता आल्या की नेशील."

*

दिवेलागणीला नाना मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. रामकुंडावरच्या आरतीचा आवाज कर्ण्यावरून येत होता, तुटक, मध्येच रस्ता फोडणाऱ्या यंत्राखाली बुडणारा. गोदावरी आत आली. हातात ताम्हण, त्यात पळी, सुपारी, अक्षता. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. तिने सगळं त्यांच्यासमोर स्टुलावर मांडलं आणि स्वतः खाली पाटावर बसली, यजमान बसतात तशी.

"हे काय?" नाना म्हणाले.

"गुरुजी, व्रत सोडायचंय."

त्यांना आधी वाटलं ही चेष्टा करतेय. पण तिने पदर खांद्यावरून घेतला होता आणि उजवा हात पुढे धरला होता. चाळीस वर्षं रोज बघितलेला तो हात, परक्या माणसांचा. कोल्हापूरचे, बडोद्याचे, इंदूरचे. सगळे असाच धरतात, थोडा कापणारा.

"गोदे, तुला कोणी सांगितलं हे करायला? सोडू नकोस. माझं चाललंय ना."

"तुम्ही गुरुजी आहात की नाही? आलेल्या माणसाला परत पाठवता?"

परत नानांनी कोणालाच पाठवलं नव्हतं. मग त्यांनी नकळत पाठ ताठ केली, आणि इतक्या वर्षांत जे आपोआप तोंडात यायचं ते आलं.

"व्रत कोणतं?"

"एकभुक्त. वर्षाचं. सात महिने झाले."

"सोडायचं कारण?"

"ज्याच्यासाठी धरलं तो आजारी आहे. त्याच्या अंगात शक्ती राहिली नाही."

"तुमचा कोण?"

"नवरा."

"नाव?"

विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. नाव त्यांचंच होतं, ते त्यांनीच भरायला हवं होतं. एकोणपन्नास वर्षांत तिने ते घेतलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा लाजून अडखळली होती आणि बायका हसल्या होत्या. रेशनच्या दुकानात, बँकेत, मतदानाच्या वेळीसुद्धा ती कागद पुढे करायची. दवाखान्याच्या दाराबाहेर त्र्यंबकने हेच विचारलं असणार. तेव्हा काय केलं हिने?

"ढुंढिराज," गोदावरी म्हणाली.

नानांनी तांब्या उचलला. पाऊण भरलेला होता; त्यांना तो जड गेला आणि हात थरथरून पाणी ताम्हणाबाहेर सांडलं. तिने डावा हात तांब्याच्या बुडाशी लावला, आणि त्या आधाराने त्यांनी तिच्या उजव्या हातावरच्या अक्षतांवर पाणी घातलं. तिने हात तिरका केला. अक्षता ताम्हणात पडल्या.

"आजाऱ्याला दोष नाही," ते म्हणाले. शेवटी सगळ्यांना ते मराठीत सांगायचे, कळावं म्हणून. "सोडणाऱ्यालाही दोष नाही. पुढे काही झालं तर ते ह्याच्यामुळे झालं असं मनात आणायचं नाही."

"पुन्हा सांगा."

"सोडणाऱ्याला दोष नाही, गोदे. काही झालं तरी नाही."

तिने ओल्या हाताने डोळे पुसले. बाहेर यंत्र थांबलं होतं. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता; उज्वलाने विचारल्याशिवायच मुगाची खिचडी टाकली होती.

"दोघांची पानं मांडायला सांगते," ती म्हणाली. "उठा. हात न टेकता."

नानांनी हात छातीवर घेतले आणि पुढे झुकले. अर्ध्यावर मांड्या थरथरल्या. ते परत बसले, श्वास घेतला, पुन्हा झुकले. पुन्हा अर्ध्यावरच अडले.

"उद्या," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.